जिवंत बाईचं पोस्टर

माझ्या थोरल्या दिरांचं नाव मी घेणार नाही. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव तोंडात आणायचं नसतं, आणि इतकी वर्षं पाळलेलं आता कशाला मोडू? पुढे कोणी ना कोणी घेईलच, तेव्हा ऐकून ठेवा. मी त्यांना भावजी म्हणते. गाव त्यांना दगडवाले म्हणतं, कारण इसिक-कुल सरोवराच्या ह्या दक्षिण काठावर कबरीच्या दगडांवर चेहरे कोरणारा तो एकच माणूस आहे.

माणूस गेलं की वर्षाच्या आत घरचे लोक फोटो घेऊन येतात. बहुतेक वेळा पासपोर्टचा. डोळे सरळ, कान उघडे, तोंड मिटलेलं. भावजी घोटलेल्या काळ्या दगडासमोर मांडी घालून बसतात आणि पोलादी सुईनं ठिपक्याला ठिपका लावत जातात. टोचलं तिथं पांढरं, नाही टोचलं तिथं काळं. लग्न होऊन ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्या टिकटिकीनं जागी झाले आणि आमच्या ह्यांना विचारलं, "घरात सुतारपक्षी पाळलाय का?" हे म्हणाले, "हळू बोल, दादा आहे तो."

मग सवय झाली. ऑगस्टात जर्दाळू वाळत घातले की सगळं अंगण गोड वासानं जड होतं, दुपारी डोळा लागतो, आणि झोपेत ती टिकटिक चालूच असते. कोणीतरी फार लांबून, सरोवराच्या पलीकडच्या बर्फातून चालत येऊन दार वाजवतंय, असं मला कित्येकदा स्वप्नात वाटलंय. उठून दार उघडावं तर दारात कोणी नसतं आणि सरोवर पांढऱ्या उजेडात निजलेलं असतं.

थोरल्या जाऊबाई, जीपार, गेल्या त्याला चार हिवाळे झाले. त्यांचा दगड भावजींनीच कोरला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पासपोर्टचाच फोटो होता, दुसरा कुठून आणणार? जीपारबाईंसमोर कोणी फोन वर केला की त्या गर्रकन पाठ फिरवायच्या. आमच्याकडे त्यांच्या पाठीचे पुष्कळ फोटो आहेत. दगड मात्र असा झाला की लोक मुद्दाम बघायला यायचे. डोक्यावरच्या रुमालाचा धागा न् धागा मोजता येईल इतका बारीक. मी पाहिला आणि मला तो मुळीच आवडला नाही, पण तेव्हा कोणाला बोलले नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी चहा ओतत होते. भावजी वाटी हातात धरून बसले होते, पीत नव्हते. एकदम म्हणाले, "उल्झान, मला ती आठवत नाही गं."

"कोण?"

"तुझी जाऊ. दगड आठवतो. स्वप्नात येते तीसुद्धा दगडातली. राखाडी. मी सगळं सांगतो तिला, गाय व्याली, छप्पर बदललं, आणि ती नुसती बघते. ओठ हलत नाहीत. मी माझ्या हातानं तिचं तोंड मिटलं आणि आता ते उघडत नाही."

मी दूध घातलं चहात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरची माणसं आठवणीत ठेवून देणारा माणूस, आणि त्याच्या घरचं एक माणूस त्याच्याच हातून निसटलं. त्या दिवसापासून सुईची टिकटिक कानावर आली की मला रागच यायचा.

ह्या उन्हाळ्यात अक्मारल आली. अक्मारल म्हणजे वरच्या आळीतली पोर, राजधानीत, बिश्केकला, सिनेमा शिकलेली, केस मुलासारखे कापलेले, बोलणं पाटाच्या पाण्यासारखं सतत. वसंतात तिनं गावातच पंधरा मिनिटांचा सिनेमा काढला होता. काम करणारी एकच बाई, बुरुल आपा. आमच्यापासून दोन फाटकं सोडून राहतात, ऐंशी कधीच ओलांडलीय, आणि गावात काहीही झालं की त्यांना आमच्याआधी कळतं. तर येत्या शनिवारी तो सिनेमा गावच्या क्लबात दाखवायचा होता, आणि अक्मारलला पोस्टर हवं होतं.

"सागीनबेक बाइके," ती भावजींना म्हणाली, "कॉम्प्युटरवर करून देणारे शंभर आहेत. मला तुमचे ठिपके पाहिजेत."

घ्या, आलं नाव. बाइके म्हणजे दादा.

"मी मेलेल्यांचा माणूस आहे, पोरी," भावजी म्हणाले. "जिवंत बाईला माझ्यासमोर नको बसवूस."

"बघा तरी आधी!" असं म्हणून तिनं लॅपटॉप जर्दाळूच्या झाडाखालच्या लाकडी बैठकीवर ठेवला, उजेड पडू नये म्हणून वर माझी शाल टाकली, आणि आम्ही तिघं त्या शालीखाली डोकी घालून बसलो. मी मनात म्हटलं, आमचे हे आत्ता फाटकातून आले तर काय समजतील!

वाईट स्वप्न पडलं की आम्ही सकाळी उठून वाहत्या पाण्याला सांगतो, पाणी ते घेऊन जातं. अक्मारलच्या सिनेमात बुरुल आपा गावाच्या अगदी टोकाला, पाटाच्या शेवटी राहते. वरचं सगळं गाव पाण्याला स्वप्नं सांगतं आणि ती सगळी वाहत वाहत हिच्या दारात येतात. ही ती बादलीत धरते, पिळते, दोरीवर वाळत घालते. कोणी त्यात एक शब्द बोलत नाही. दोरीवर ओली स्वप्नं हलतात, मागं सरोवर, त्याच्यामागं डोंगर, आणि त्या डोंगरांचे पाय धुक्यात गेलेले, नुसती टोकं वर तरंगत असलेली. शेवटी म्हातारीला स्वतःचं एक स्वप्न पडतं, आणि तिच्या खाली पाटच उरलेला नसतो. मग ती उठून सरोवराकडे चालायला लागते.

शालीखाली गरम होत होतं. बाहेर गाय हंबरली तीसुद्धा मला सिनेमातलीच वाटली.

भावजी म्हणाले, "ते मागं घे. मान वळवते ते." अक्मारलनं घेतलं. "परत." परत घेतलं. बुरुल आपा मान वळवून कोणालातरी शोधते, एवढंच होतं त्यात. भावजींनी ते इतक्यांदा बघितलं की पोर कंटाळली.

"ठेव," ते म्हणाले. "करतो."

अक्मारल आनंदानं उडाली. तिला वाटलं, सिनेमा आवडला. मला खरं कळलं होतं. ह्या माणसाला बघायचं होतं की आपला हात एखाद्याला जिवंत ठेवू शकतो की नाही. जमलं तर कदाचित स्वप्नातली बाई बोलेल. नाही जमलं तर चार हिवाळ्यांपूर्वी मिटलेलं ते तोंड मिटलेलंच राहणार होतं. माझा स्वयंपाक त्या दिवशी खारट झाला.

बुरुल आपा दुसऱ्या दिवशी नटून आल्या. मखमली जाकीट, चांदीची कर्णफुलं, पांढरा रुमाल. बैठकीवर ठाण मांडलं आणि म्हणाल्या, "सागीन, एका खेपेत दोन कामं करून टाक. पोस्टर काढ, आणि दगडाचंही माप घे. परत चालत यायला नको."

"आपा, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाणार."

"ते तर आहेच. पण दगड महागतोय म्हणतात."

भावजींनी जाड काळा कागद फळीवर ताणला होता आणि पांढरी पेन्सिल सुईसारखी टोकदार केली होती. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. काळ्यातून पांढरं काढायचं, ठिपक्याठिपक्यानं. आपांचं तोंड चाललेलंच होतं, अमक्याच्या सुनेनं पीठ कसं मळलं, तमक्याचा घोडा कसा चोरीला गेला आणि आपणच कसा परत आला. भावजी थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "आपा, जरा स्थिर बसता का?"

झालं. आपांनी पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले, ओठ घट्ट मिटले आणि डोळे समोर लावले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या फोटोला अशाच बसतात, परीक्षेला बसल्यासारख्या. मी आतून बघत होते. मला ओरडावंसं वाटलं, अहो, त्यांना बोलू द्या! पण दिरांच्या कामात सून कधी बोलते का?

एक चित्र झालं, ते त्यांनी फाडलं. दुसऱ्या दिवशी दुसरं, तेही फाडलं. तिसरं झालं ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धुतले. मी हळूच जाऊन उलटं करून पाहिलं. बुरुल आपाच होत्या, एकेक सुरकुती जागच्या जागी, रुमालाची घडी न् घडी. आणि त्या गेलेल्या होत्या. मी चित्र होतं तसं ठेवून दिलं.

अक्मारल आली आणि तिनं मात्र ते छातीशीच धरलं. "हेच! बाइके, हेच! बिश्केकमध्ये बघत राहतील लोक!"

"पोरी, ही गेलीय," भावजी म्हणाले.

"कोण?"

"चित्रातली."

"तुम्ही मोठे कलाकार सगळे असेच बोलता," असं म्हणून तिनं ते गुंडाळलंसुद्धा. कराकोल शहरातल्या छापखान्यात तिची वेळ ठरलेली होती. भावजींनी अडवलं नाही. आणखी एक दिवस मागून काय करणार होते? तोच हात, तेच ठिपके.

पोस्टर छापून आलं. काळ्यावर आपांचा पांढरा चेहरा. खाली मोठ्या अक्षरांत 'बुरुल', कारण सिनेमाचं नावही तेच होतं. त्याखाली अक्मारलनं आपल्या डोक्यानं एक ओळ घातली होती: 'गावाची सगळी दुःखं ती सोबत घेऊन गेली.' आणि त्याखाली, शनिवारी दुपारी दोन वाजता, गावचा क्लब. बाजारात लागलं, मिनीबसच्या थांब्यावर लागलं, पिठाच्या दुकानाच्या दारावर लागलं. लोक त्याच्यासमोरून जाताना आवाज खाली आणायला लागले. थांब्यावर एका परगावच्या म्हाताऱ्यानं त्याच्यासमोर उभं राहून दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले आणि "खुदा तिला जागा देवो" म्हणाला. मी त्याला सांगायला गेले तर बस सुटली.

आणि अक्मारलनं ह्यावर कळस केला. आपांचं माहेर डोंगरापलीकडे, नारिनकडच्या बाजूला. तिथल्या भाच्याला, झोलदोशला, तिनं फोन केला. सिनेमाचं सांगायचं नाही, आल्यावर बघून चकित होतील, असा पोरीचा बेत. म्हणून म्हणाली, "शनिवारी सगळ्यांनी इकडे या. बुरुल आपांचं आहे. काय ते आल्यावर कळेलच."

आता तुम्हीच सांगा! आमच्याकडे कोणी गेलं तर फोनवर सरळ कधी सांगतात का? 'जरा या सगळे, आल्यावर कळेल,' असंच सांगतात. बिश्केकला चार वर्षं राहून पोर हे विसरली होती. त्यात झोलदोशची मुलगी इकडच्या बाजारात आली होती, तिनं पोस्टरचा फोटो काढून घरच्यांना पाठवला. मग काय उरलं?

शनिवारी सकाळी मी आपांच्या अंगणात जर्दाळू पसरायला मदत करत होते. हवा अशी होती की सरोवर कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नव्हतं. भावजी फाटकातून आले. हातात गुंडाळलेलं पोस्टर होतं. आपांची नजर अधू, थांब्यापर्यंत त्या जात नाहीत, त्यांनी अजून ते पाहिलंच नव्हतं. भावजींना आधी दाखवून माफी मागायची होती.

"आपा," ते म्हणाले, "मला नाही जमलं."

"काय नाही जमलं?" आपांनी विचारलं, आणि तेवढ्यात वळणावर गाड्या थांबल्याचा आवाज आला.

आधी पुरुषांचा टाहो आला. दुखवट्याला येणारे पुरुष गाडी लांबच थांबवतात, कमरेवर हात ठेवून, वाकून, डोळे मिटून धावत येतात आणि गळा फाडून रडतात. "आत्ये गं! माझ्या बापाची पाठची बहीण गं! कुठं गेलीस मला सोडून!" त्यांच्यामागं बायकांनी सूर धरला. सगळी आळी हादरली.

असं रडत कोणी दारात आलं की आधी विचारायचं नसतं. उत्तर द्यायचं असतं. आपांच्या हातातली चाळणी पडली. त्यांनी रुमालाचं टोक धरलं, दोनदा डोललेल्या मी पाहिल्या, आणि विलाप सुरू केला. माहेरच्या माणसांनी टाहो फोडलाय म्हणजे माहेरचंच कोणीतरी गेलं! मीही रडायला लागले. कोण गेलं ते मला ठाऊक नव्हतं, पण रडायला माझ्याकडे माझी जाऊ होती.

झोलदोश म्हणजे दारात मावणार नाही एवढा माणूस. डोळे मिटलेलेच, तसाच आला आणि पहिला गळा सापडला त्याच्यात पडला. तो गळा आपांचा. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मग आपांनी सूर न सोडता, त्याच चालीत विचारलं, "कोण गेलं रे, माझ्या बाळा, कोण गेलं?"

आणि त्यानं त्याच चालीत सांगितलं, "बुरुल आत्या गेली गं, बुरुल आत्या गेली!"

"अरे खुदा, बुरुल गेली! अरे माझी बुरुल गेली!" आपा रडल्या. अजून एक पूर्ण ओळ रडल्या. स्वतःला 'सोन्याच्या हातांची' वगैरे म्हणाल्या. मग थांबल्या.

झोलदोशनं डोळे उघडले.

मागचे सगळे गप्प झाले. एका बाईचा सूर तेवढा थोडा पुढे गेला आणि तोही तुटला. सगळ्या अंगणात जर्दाळूंवरच्या माशांचा आवाज.

"आत्या," झोलदोश म्हणाला, "तू... बरी आहेस?"

"आत्तापर्यंत होते," आपा म्हणाल्या.

"मग हे काय?" त्यानं खिशातून फोन काढला. काळ्यावरचा पांढरा चेहरा. आपांनी फोन नाकाजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला. "अगं बाई, मेलेच की मी!" त्या म्हणाल्या. "आणि काय सुंदर मेलेय!"

"फोन करून विचारायचं तरी!" मी मध्येच बोलले. रडल्याचा राग आला होता मला.

"काय विचारू?" झोलदोश माझ्यावर उखडला. "आत्या, तू मेलीस का, असं विचारू? आणि तिनं उचलला तर तिला काय वाटेल?"

तिथं आपांचा बांध फुटला. आधी खांदे हलले. मग तोंड उघडलं, आतले उरलेले चार दात, टाळू, सगळं दिसलं. डोळे सुरकुत्यांत बुडाले. रुमाल मागं घसरला आणि विरळ पांढरे केस उभे राहिले. त्या झोलदोशला रुमालानं बडवत होत्या, "रड ना, थांबलास का, छान रडत होतास!" आणि परत हसत होत्या. श्वास पुरेना, गुडघे धरून खाली बसल्या, तरी हसणं थांबेना. मग ते सगळ्या अंगणाला लागलं. दुखवट्यासाठी गाडीतून आणलेलं मेंढरू घाबरून ओरडायला लागलं.

माझं लक्ष भावजींकडे गेलं. ते हसत नव्हते. आपांकडे बघत होते, तहान लागलेला माणूस पाण्याकडे बघतो तसे. मग त्यांनी हातातलं पोस्टर बैठकीवर पालथं पसरलं, पांढरी बाजू वर. बाजूला आपांचा चहाचा समोवार होता. त्याच्या खालच्या राखेतून त्यांनी विझलेला कोळसा उचलला आणि सुरू झाले.

कागदाकडे ते बघतच नव्हते. ठिपका नाही, माप नाही. खांद्यापासून हात फिरत होता आणि कोळसा कागदावर खरखरत होता. दोनदा तुटला, दोनदा नवा घेतला. "स्थिर बसा" ते ह्या वेळी म्हणाले नाहीत. आपा डोलत होत्या, वळत होत्या, नाक पुसत होत्या, आणि ते सगळं कागदावर येत होतं. चित्रातलं तोंड उघडं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून निघालेलं पहिलं उघडं तोंड.

आपा जवळ आल्या, वाकून बघितलं. "ही कोण चावट म्हातारी?"

"तुम्हीच," भावजी म्हणाले.

"हो की. तोंड इतकं जिवंत की वाससुद्धा येतोय."

अक्मारल धावत आली ती आधी सगळ्यांची बोलणी खात, आणि मग त्या कागदासमोर उभी राहिली. चारी कोपरे धुंडाळून म्हणाली, "नाव लिहायला जागाच नाही ठेवलीत, बाइके." भावजींनी हनुवटीखाली कोळशानंच लिहिलं, बुरुल. ती दुःखं घेऊन जाणारी ओळ कोणी लिहिली नाही. तेच चित्र खिळ्यांनी क्लबाच्या दारावर ठोकलं, आणि आमच्या ह्यांनी गावभर फिरून काळी पोस्टरं उतरवली.

दुपारी क्लब भरून भिंतींना लागून माणसं उभी होती. निम्मी सिनेमाला आलेली, निम्मी मातीला. दारातून आत येताना प्रत्येक जण कोळशाच्या म्हातारीकडे बघायचा आणि त्याचंही तोंड उघडायचं. आत पडदे ओढले, अंधार झाला, आणि पाट वाहायला लागला. आपली स्वप्नं दोरीवर वाळताना गाव बघत होतं. कोणी म्हणालं, ते माझं. कोणी म्हणालं, गप. आपा पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि पडद्यावरच्या आपा सरोवराकडे चालत होत्या, आणि मला काही वेळ कळेना की आपण कुठल्या बाजूला आहोत, पाण्याच्या वर की खाली. दुखवट्याचं मेंढरू परत नेत नाहीत, म्हणून संध्याकाळी ते सगळ्यांनी मिळून खाल्लं. झोलदोशनं जास्त खाल्लं, तो जास्त रडला होता.

भावजी जेवायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर ते दगडांच्या छपराखाली बसलेले. सुई कुठं दिसत नव्हती. समोर भिंतीला मोठा पांढरा कागद लावलेला, हातात कोळसा, आणि कागद कोरा.

"ती कशी हसायची गं?" त्यांनी विचारलं.

मी वाटी खाली ठेवली. मोठ्यानं हसायच्या म्हणू? सगळेच हसतात मोठ्यानं. दिरांसमोर सून तोंडाला रुमाल लावल्याशिवाय हसतसुद्धा नाही, मी तर त्यांच्यासमोर आयुष्यात हसले नव्हते. पण ते बघत होते. मग मी रुमाल मागं सारला, त्यांच्यासमोर बसले आणि जीपारबाई हसायच्या तशी हसून दाखवली. आधी शेजारच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची, मग मान मागं टाकायची, मग आवाज एकदम वर जाऊन तिथंच अडकायचा आणि नुसतं अंग हलत राहायचं. पहिल्यांदा खोटं झालं. दुसऱ्यांदा त्या माझ्या अंगात आल्या. त्या आणि मी एकाच चुलीशी सतरा हिवाळे बसलो होतो, माझ्या अंगाला ते ठाऊक होतं. हसता हसता मला रडू फुटलं आणि तरी मी हसत राहिले, कारण कोळसा खरखरायला लागला होता.

मान आली. गळ्याची शीर आली. मागं पडलेला रुमाल आला. मग तोंड, उघडं. तिथं त्यांचा हात थांबला.

"खालचा," ते हळूच म्हणाले. "डावीकडचा. शेजारच्या दातावर चढलेला होता. हसली की तेवढा एकच दिसायचा आधी." आणि त्यांनी तो दात काढला, आणि कागदावर माझी जाऊ हसायला लागली.

दाताबद्दल मी एक अक्षरही बोलले नव्हते.